ऑक्टोबरचं ऊन, अंगण आणि आपला मोत्या



सहामाहीचा शेवटचा पेपर संपला, दप्तर खुंटीला लागलं आणि दिवाळीला अजून थोडे दिवस आहेत. हे मधले दिवस मोठ्या मजेचे! पण दाराबाहेर पाऊल टाकावं तर ऊन कसं तापलेलं. पाऊस परत गेला, आभाळ धुऊन निघालं, जमीन मात्र आतून अजून ओलसर आहे. वरून चटका आणि खालून वाफ, त्यामुळे अंग नुसतं चिकचिक करतं. धर्माबादेत कुठल्याही गल्लीत जा, ओसरीवर बसलेली एखादी आजी म्हणतेच, "काय ऊन पडायलंय बाई, चैतावानी!"

आणि नेमकी याच उन्हात घरातली सगळी कामं निघतात. अंगण साफ करायचं, परसातलं गवत काढायचं, धान्य आणि मिरच्या उन्हात घालायच्या. तुम्हालाही हाक येणारच. तेव्हा आज आपण अशा एका दिवसाचं वेळापत्रक करू. मात्र त्यात तुमच्यासोबत आणखी एक जण आहे. त्याला चार पाय आहेत, एक शेपूट आहे आणि बोलता येत नाही. मोत्या, खंड्या, टायगर, वाघ्या, तुमच्याकडे जे नाव असेल ते! घरी कुत्रा नसेल तर गल्लीतला धरा. गल्लीचा म्हणून एक असतोच.

सकाळी सहा वाजता

पहिलं काम मोत्याला फिरवून आणण्याचं, आणि ते सकाळीच. का, ते सांगतो.

तुम्हाला उकडलं की घाम येतो. घाम वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. मग तो गार कसा होतो? जीभ बाहेर काढून धापा टाकतो. एरवी मिनिटाला पंधरा ते तीस श्वास घेणारा कुत्रा उन्हात दोनशेच्याही पुढे जातो. जिभेवरचं आणि तोंडातलं पाणी हवेत उडतं आणि आतलं रक्त गार होतं. घरातल्या माठाचं गणित तेच. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाळतं, म्हणून आतलं पाणी थंड राहतं.

पण पावसाळ्यात माठातलं पाणी म्हणावं तसं गार होत नाही, हे पाहिलंय का? हवा दमट असली की पाणी लवकर वाळत नाही. ऑक्टोबरात कुत्र्याचं तसंच होतं. तो धापा टाकतो, पण जीभ वाळत नाही. म्हणून उन्हाळ्याइतका पारा नसला तरी हे ऊन त्याला फसवतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर जास्तच, कारण त्यांना मोकळा श्वासच घेता येत नाही. थंड मुलखातल्या दाट केसांच्या कुत्र्यांचंही तेच.

आपल्या भागाला साजेसा कुत्रा पाहायचा तर शेजारच्या लातूर जिल्ह्यातला कारवान पाहा. लांब पाय, आत गेलेलं पोट, आखूड केस, निमुळतं तोंड. धावण्यासाठीच जन्मलेला! त्याचा भाऊबंद मुधोळ कुत्रा कर्नाटकातला. त्याच्या चित्राचं टपाल तिकीट भारत सरकारने २००५ साली काढलं. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते तेव्हा असे कुत्रे लोक हौसेने प्रदर्शनाला आणतात. पण म्हणून आपला गावठी मोत्या काही कमी नाही. आखूड केस आणि उन्हाची सवय त्यालाही आहे.

निघण्याआधी एक परीक्षा घ्या. हाताची पालथी बाजू डांबरी रस्त्यावर टेकवा आणि सावकाश सातपर्यंत मोजा. हात ठेववत नसेल तर मोत्याचे पंजेही भाजणार. तुम्ही चप्पल घालता, तो अनवाणी असतो. सकाळी सहाला हा प्रश्नच येत नाही. दुपारी बाराला मात्र नापास! पट्टा हाताला घट्ट गुंडाळू नका. त्याने एकदम ओढ घेतली तर मनगट मुरगळतं. आणि घाई करू नका. तुम्ही रस्ता डोळ्यांनी बघता, तो नाकाने वाचतो. एका खांबापाशी दोन मिनिटं थांबला तर थांबू द्या, तेवढंच त्याचं वर्तमानपत्र.

आठ ते अकरा

आता अंगण. खराटा घ्या, पण वाढलेल्या गवतात किंवा दगड-विटांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने खडखड करा. पावसाळ्यानंतर तिथे विंचू-साप दडलेले असतात. पांढऱ्या बारीक फुलांचं गाजरगवत उघड्या हाताने उपटू नका, अंगाला खाज सुटते. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधली तरी चालेल. हे तण बाहेरून आलेलं. आपल्या देशात १९५५च्या सुमारास ते पहिल्यांदा पुण्यात नजरेला आलं आणि आज कुठे नाही ते विचारा!

गवत काढण्याचा मोत्याशी काय संबंध? मोठा आहे. कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड चिकटतात. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगांत, दगडांच्या फटीत हजारो अंडी घालते. तुम्ही मोत्याला कितीही धुवा, भेगा तशाच राहिल्या तर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. म्हणून तो बसतो त्या जागेच्या भेगा मातीने किंवा सिमेंटने बुजवा, त्याचं पोतं उन्हात टाका. औषध मात्र पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच लावायचं. शेतात फवारायचं औषध कुत्र्याच्या अंगाला लावणं म्हणजे त्याला विष चाटायला देणं.

तसंच फुटके डबे, टायर, नारळाच्या करवंट्या पालथ्या करा. साचलेल्या पाण्यात डेंगीचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. मोत्याचं पाण्याचं भांडं रोज घासून भरायचं, तेही यासाठीच.

आता मिरच्या. धर्माबाद म्हणजे लाल मिरचीची बाजारपेठ. तेव्हा पावसाळ्यात सर्दावलेल्या मिरच्यांना ऊन दाखवण्याचं काम घरोघरी असणारच. मोत्याला त्या वेळी लांब ठेवा. त्याचं नाक आपल्या नाकापेक्षा कितीतरी पटींनी तिखट, मग मिरचीची भुकटी त्यात गेली तर काय होईल! काम झालं की हात साबणाने धुवा, मगच त्याला कुरवाळा. या मिरचीची गोष्ट अजून संपलेली नाही. संध्याकाळी ती पुन्हा येणार आहे.

भर दुपारी

बारा ते चार कुणी बाहेर जायचं नाही. तुम्ही नाही आणि तोही नाही. एक गोष्ट आत्ताच जाऊन बघा. मोत्याला सकाळी सावलीत बांधलं होतं, ती सावली आता कुठे आहे? झाडाची सावली सरकते, साखळी सरकत नाही. सकाळी कडुनिंबाखाली बसलेला कुत्रा दोन वाजता भर उन्हात असतो आणि पाण्याचं भांडं त्याच्याच धडपडीत कधीच कलंडलेलं असतं. घरातले सगळे जेवून पंख्याखाली पडलेले. त्याने भुंकून सांगितलं तर आपण म्हणतो, "गप रे, झोपू दे!"

तो काय सांगत असतो ते ओळखायला शिका. धाप थांबत नाही, तोंडातून घट्ट लाळ गळते, हिरड्या लालभडक दिसतात, पाय लटपटतात, उलटी होते. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम, अडतीस-एकोणचाळीस अंश सेल्सिअस असतं. ते एक्केचाळीसच्या वर गेलं की जिवाला धोका. अशा वेळी त्याला सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, पोट आणि पाय भिजवा, वारा घाला, घोट घोट पाणी द्या. तोंड धरून पाणी ओतू नका. आणि मोठ्यांना सांगून लगेच दवाखाना गाठा.

पाण्यावरून आठवलं. आपल्याच तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ सालच्या निकालाप्रमाणे त्याची दारं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवायची असतात आणि मग २९ ऑक्टोबरला ती खाली सोडून पाणी अडवायचं असतं. कारण पुढच्या कोरड्या महिन्यांचा विचार आधीच करावा लागतो. एवढ्या मोठ्या नदीसाठी माणसं तारीख ठरवतात, मग मोत्याच्या एका भांड्यासाठी आपण वेळ ठरवायला काय हरकत आहे? सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी पाच. भिंतीवर खडूने लिहूनच टाका.

संध्याकाळी पाचनंतर

ऊन उतरलं, रस्ता निवला, आता दुसरी फेरी. वाटेत दुसरी कुत्री भेटणार. आणि आता आजची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट.

अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळू नका. पळणाऱ्याच्या मागे लागणं त्याच्या रक्तात आहे. झाडासारखे स्थिर उभे राहा, हात अंगाशी, त्याच्या डोळ्यांत बघू नका. बहुतेक वेळा ते हुंगून निघून जातं. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावू नका.

तरीही चावलं तर? किंवा नुसता दात लागला, नख ओरबाडलं तर? जखम लगेच नळाखाली धरायची आणि साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा! आणि इथे ती मिरची परत येते. कुत्रं चावलं की जखमेत तिखट भरायचं, चुना किंवा हळद लावायची, असं सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. त्यांचा हेतू चांगला असतो, पण तसं करू देऊ नका. तिखटाने जखम आणखी बिघडते, रेबीजचा विषाणू मात्र मरत नाही. मिरचीच्या गावातली मुलं तुम्ही, मिरचीची जागा वरणात, जखमेत नाही, हे तुम्हीच ठणकावून सांगा!

मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. तुमच्या आजोबांच्या वेळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. ती लस आपल्या देशात २००४ नंतर बंद झाली. आता चार-पाच इंजेक्शनं असतात, तीही दंडात. जखम खोल असेल तर जखमेतच आणखी एक औषध टोचतात. डॉक्टर सांगतील ती एकही तारीख चुकवायची नाही. कारण रेबीज एकदा अंगात उमटला की त्यावर इलाज जवळजवळ नाहीच. आणि आई रागावेल म्हणून चावल्याचं लपवायचं तर मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, जगात रेबीजने दरवर्षी सुमारे एकोणसाठ हजार माणसं दगावतात आणि त्यांतली शंभरातली चाळीस पंधरा वर्षांखालची मुलं असतात. तुमच्याच वयाची.

पण घाबरून जायचं कारण नाही. १८८५च्या जुलै महिन्यात जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याने चावे घेतले. त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चरकडे गेली. पाश्चरची लस तोवर कुत्र्यांवर करून पाहिलेली होती. ६ जुलैला ती या मुलाला टोचली आणि मुलगा वाचला. पुढे मोठेपणी तो पाश्चरच्याच संस्थेत रखवालदार झाला. पाश्चर गेले तो दिवस २८ सप्टेंबर. त्याच तारखेला आता जागतिक रेबीज दिन पाळतात.

आणि लांब कशाला, आपला शेजारी गोवा घ्या. तिथे हजारो कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांत जाऊन मुलांना शिकवलं आणि २०२१ साली गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असं शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे तुमच्या मोत्याची एक सुई सगळ्या गल्लीच्या उपयोगाची. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस आणि मग दरवर्षी.

पाहिलंत ना? साखळी मोत्याला सोडता येत नाही, भांडं भरता येत नाही, दवाखान्यात जाऊन "मला सुई टोचा" असं सांगता येत नाही. तो आपल्या घराची राखण करतो आणि त्याची राखण आपण करायची, असा हा सौदा आहे.

या आठवड्याचं काम

एक : मोत्याचं लसीचं कार्ड शोधा. तारीख उलटली असेल तर बाबांच्या मागे लागा.
दोन : दुपारी एक वाजता त्याची सावली कुठे जाते ते तीन दिवस पाहा आणि बांधायची जागा बदला.
तीन : गल्लीतल्या कुत्र्यांसाठी सावलीत एक मातीचं भांडं ठेवा. भरण्याची पाळी मित्रमैत्रिणींत वाटून घ्या.
चार : फटाक्यांची जागा मोत्यापासून लांब ठरवा. त्याचे कान आपल्यापेक्षा फार तल्लख असतात. नेपाळात याच दिवसांत एक दिवस खास कुत्र्यांचा असतो. त्यांना गंध लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात, गोडधोड देतात. आपल्याकडे वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते, त्याच दिवशी मोत्याला एक भाकरी जास्त द्यायला कोण अडवतंय?

काय काय केलंत ते पोस्टकार्डावर नक्की कळवा. मोत्याचं चित्र काढून पाठवलंत तर उत्तमच. भेटू पुढच्या आठवड्यात!