लेझीम पथकात जोडीदार हवे आहेत

कॉलनीतल्या सर्व मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, तरुण मुला-मुलींनो आणि रहिवाशांनो,

आपल्या कॉलनीत डाउन सिंड्रोम असलेली सहा मुलं आहेत. लहानपणी तुम्ही त्यांना कडेवर घेतलंत, खाऊ दिलात. आता ती सतरा ते बावीस वर्षांची आहेत. शाळा संपली, मैदान सुटलं आणि दिवसचे दिवस टीव्हीसमोर जाऊ लागले.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची. जिना उतरताना शेवटच्या पायरीवर ती थांबते, कठडा घट्ट धरते, पाय पुढे करून जमिनीचा अंदाज घेते. मागून कुणीतरी म्हणतं, "चल गं पटकन." ती आळस करत नसते. पेशींमध्ये २१ व्या क्रमांकाचं गुणसूत्र एक जास्त असल्यामुळे या मुलांचे स्नायू जन्मापासून सैल असतात, सांधे ढिले असतात आणि तोल सांभाळणारा लहान मेंदूही आकाराने कमी भरतो. ऐकलेलं लक्षात ठेवणं त्यांना जड जातं, पाहिलेलं मात्र त्या मानाने लवकर उचलतात. चालता चालता बोलायची वेळ आली, की पाऊल अडखळतं.

लेझीम पाहून शिकता येते आणि हात, पाय, मोजणी एकत्र जुळवायला लावते. म्हणून लेझीम. गेल्या वर्षी शेजारच्या दादाने तिला अंगणात शिकवायला घेतलं. लेझीमचा 'चार आवाज' हा प्रकार जमायला तीन आठवडे लागले. हात हलला की पाय थांबायचा, पाय उचलला की मोजणी हरवायची. आता ती तालावर वळते. चुकली तर स्वतःच थांबते, ओठांतल्या ओठांत "एक" म्हणते आणि पुन्हा सुरू करते. आपली चूक आपणच ओळखून ती सुधारणं तिला त्या अंगणात आलं. मला याचं फार अप्रूप आहे.

यंदा गणपतीआधीच्या सरावात या सहाही जणांना घ्या, ही कळकळीची विनंती. वेगळा गट नको आणि मागची रांगही नको. प्रत्येकाला बरोबरीच्या वयाचा एक जोडीदार हवा, समोर उभा राहून करून दाखवणारा. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा अर्धा तास. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि पुन्हा सांगण्याआधी मनात दहापर्यंत मोजा. उत्तर येतं, फक्त थोडं उशिरा येतं.

काळजी तीन गोष्टींची. काहींच्या मानेचे वरचे मणके अस्थिर असतात, म्हणून कोलांट्या, खांद्यावर उचलणं, मानेला झटका देणं पूर्ण टाळा. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. त्यामुळे आम्ही पालक डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच येऊ. आणि स्पीकरच्या भिंतीपासून मुलांना लांब ठेवा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळात आणि सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्क त्यांना दिला आहे. ताल धरायला मात्र शेजारी माणूस लागतो.

येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता मैदानावर या. लेझीम आम्ही आणतो.

आपली शेजारीण,
एक आई