चानो पोसो : वादक की रचनाकार?

लॅटिन जॅझचा इतिहास लिहिणारे चानो पोसोचे नाव टाळत नाहीत. पण ते बहुधा मसाल्यासारखे येते. डिझी गिलेस्पीच्या वाद्यवृंदात १९४७ साली क्यूबाचा एक कोंगावादक आला आणि जॅझला नवी लज्जत आली, एवढेच. माझ्या मते पोसो हा रचनाकार होता, आणि ही मांडणी नेमके तेच झाकते.

हवानातल्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत १९१५ साली जन्मलेल्या पोसोला स्वरलिपी येत नव्हती. तरीही न्यूयॉर्कला जाण्यापूर्वीच त्याची गाणी क्यूबात गाजली होती. गिलेस्पीशी त्याची गाठ घालून दिली मारिओ बाउसा या क्यूबन संगीतकाराने. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, हा तपशील गमतीखातर फार उगाळला गेला आहे.

खरा पुरावा आहे 'मान्तेका'. डिसेंबर १९४७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या या रचनेची हकिकत गिलेस्पीनेच सांगून ठेवली आहे. बासने काय वाजवायचे, त्यावर सॅक्सोफोन कसे यायचे, ट्रम्पेटनी काय करायचे, हे पोसोने तोंडाने गाऊन दाखवले. मधला सुरेल भाग गिलेस्पीचा. गिल फुलरने वाद्यमेळ बांधला. म्हणजे पोसोच्या डोक्यात नुसता ठेका नव्हता, अख्खा वाद्यवृंद होता. तरीही त्याच्या वाट्याला विशेषणे आली ती 'आदिम' आणि 'उपजत' अशी. लिहिणाऱ्याकडे विचार आणि वाजवणाऱ्याकडे अंतःप्रेरणा, ही वाटणी समीक्षेला फार सोयीची पडते. जात्यावरच्या ओव्या शिकवताना आपणही 'उत्स्फूर्त' हा शब्द किती सहज वापरतो!

गिलेस्पीचा वाटा कमी लेखण्याचे कारण नाही. मधला भाग नसता तर रचना एकाच स्वरसंगतीत अडकून पडली असती, असे त्याला वाटले. जॅझच्या अंगाने ते खरेच आहे. मात्र क्यूबन संगीतात असे एका जागी फिरत राहणे ही अडचण नसते. क्लावे या तालसूत्राला धरून प्रत्येक वाद्य आपापल्या जागी बसते, आणि त्या बसण्यातून आकार उभा राहतो. आपल्याला स्वरांची हालचाल तेवढी रचना वाटते, म्हणून हा आकार दिसत नाही.

डिसेंबर १९४८ मध्ये हार्लेममधल्या एका बारमध्ये गोळी घालून पोसोचा खून झाला. तेव्हा तो अवघा ३३ वर्षांचा होता. गिलेस्पी 'मान्तेका' पुढे अनेक दशके वाजवत राहिला. पण ऐकावे ते मूळ ध्वनिमुद्रण. पहिल्या ऐकण्यात कान ट्रम्पेटकडे जातो. दुसऱ्यांदा फक्त बास आणि कोंगा धरून ठेवावेत.