‘थांबा’ कोणाला?

शाळेला सायकलवरून जाणाऱ्या मुली गल्लीच्या तोंडाशी थांबत नाहीत, तशाच वळतात, त्यांना शिस्त लावली पाहिजे, अशी तक्रार जालना शहरात अलीकडे आपल्या कुटुंबांतूनही ऐकू येऊ लागली आहे. तक्रार करणारे बहुधा मोटारसायकलवरून आलेले असतात, एवढे आरंभीच नमूद करून ठेवतो.

शिस्तीला आमचा विरोध नाही. शिस्तीचे ओझे कोणाच्या खांद्यावर टाकले जात आहे, एवढाच आमचा प्रश्न आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याचे कलम ११९ रस्त्यावरील आदेशात्मक चिन्हे पाळण्याचे बंधन घालते ते मोटार वाहनाच्या चालकावर. ‘थांबा’ हा शब्द मिरवणारी लाल अष्टकोनी पाटी अशाच चिन्हांपैकी एक. सायकल हे मोटार वाहन नव्हे. म्हणून सायकलस्वार मोकाट आहे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. भरधाव व बेफिकीरपणे वाहन हाकून दुसऱ्याच्या जिवास धोका निर्माण करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ शिक्षा सांगते आणि तेथे ‘कोणतेही वाहन’ असे शब्द आहेत. जुन्या पिढीला तर नगरपालिकेचा बिल्ला, रात्रीचा दिवा आणि ‘डबलसीट’साठी शिट्टी फुंकणारा शिपाई आठवतच असेल. त्या काळी सायकल हेच शहराचे वाहन होते, म्हणून कायद्याची नजर तिच्यावर होती. आज धोका दुसरीकडे गेला आहे. नजर मात्र काहींनी तेथेच ठेवली आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याची व्याख्या करताना विवेकाला पहिले स्थान दिले आणि समाजहित हे त्याचे प्रयोजन मानले. त्या कसोटीवर चौकातील थांबण्याचा नियम घासून पाहावा. ज्याच्याकडून इजा होऊ शकते त्याने समोरच्याला आधी पाहावे, हे त्याचे प्रयोजन. आता हिशेब करा. मुलगी, दप्तर व सायकल मिळून ६५ किलो, वेग ताशी १२ किलोमीटर. मोटारसायकल व तिच्यावरील दोघे मिळून २५० किलो, वेग ताशी ४० किलोमीटर. आघाताची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; म्हणजे दुसऱ्या वाहनाचा आघात पहिल्याच्या ४० पटींहून अधिक. दोघांना एकाच आवाजात ‘थांब’ म्हणणे ही समानता नव्हे.

अमेरिकेतील आयडाहो राज्याने १९८२ साली हा भेद कायद्यातच मान्य केला. थांबा-पाटीशी सायकलस्वाराने वेग कमी करावा, पाहावे, कोणी येत असल्यास त्याला वाट द्यावी. रस्ता मोकळा असल्यास पाय न टेकता पुढे जावे. डेलावेअरने २०१७ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्याने २०२० मध्ये अशीच तरतूद केली. आमचे काही तरुण यातील शेवटचे अर्धे वाक्य तेवढे उचलतात आणि ‘अमेरिकेतसुद्धा सायकलवाले थांबत नाहीत’ असे आम्हालाच ऐकवतात. वेग कमी करणे, पाहणे आणि वाट देणे ही तीन कामे मात्र ते वाटेतच टाकून देतात!

शिवाय कुंडलिकेच्या काठची वस्ती म्हणजे आयडाहो नव्हे. जुन्या जालन्यात काय किंवा कादराबादेत काय, घराचा ओटा रस्त्याला भिडलेला, कोपऱ्यावर दुचाकी उभ्या, पलीकडून येणारी आजीबाई अंगावर येईपर्यंत दिसत नाही. अशा आंधळ्या कोपऱ्यावर मुलीनेही सायकलवरून पाय टेकलाच पाहिजे. यात सवलत नाही. नव्या वसाहतींत, जेथे दोन्ही बाजूंना दूरवर नजर जाते, तेथे वेग कमी करून पाहिले की नियमाचे प्रयोजन पूर्ण झाले.

एवढ्याशा गोष्टीसाठी लेखणी का झिजवावी? कारण जिल्ह्याच्या खेड्यांतून मुलींच्या शाळेचा प्रश्न पुष्कळदा चाकांवरच सुटलेला आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना सायकली मिळतात. त्या सायकलीविरुद्ध घरी एक तक्रार गेली की काय होते, हे आम्ही निरनिराळ्या घरांत पाहिले आहे. सायकलला साखळी लागते, मुलगी आठवडाभर घरी बसते, आठवड्याचा महिना होतो आणि पुढे स्थळे पाहण्यास आरंभ होतो. मुलाविरुद्ध तक्रार आली तर त्याला चार शब्द ऐकवले जातात; त्याची सायकल जात नाही. तेव्हा तक्रार घेऊन कोणाच्या दारी जाण्यापूर्वी तिची किंमत कोण मोजणार आहे, याचा विचार सुज्ञांनी करावा.

आणि रविवारची मिस्सा आटोपल्यावर मंदिराच्या फाटकातून बाहेर पडताना पाहा. टाकीवर धाकटा, मागे पत्नी, तिच्या मांडीवर तान्हे. गृहस्थ उजवीकडे न पाहता मोटारसायकल रस्त्यावर घालतात. टाकीवरचा तो धाकटा पुढे सायकलवर बसेल तेव्हा गल्लीच्या तोंडाशी काय करील, हे त्याला शिकवून झालेले असते.

जालन्याची नगरपालिका २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. तिच्याकडे शिष्टमंडळ न्यायचेच असेल तर मुलींची तक्रार घेऊन नव्हे. शाळांजवळच्या आंधळ्या कोपऱ्यांवर गोल आरसे बसवावेत, कोपऱ्यापासून काही हात अंतरापर्यंत दुचाकी उभ्या करण्यास मनाई व्हावी, गतिरोधकांवर पांढरे पट्टे ओढावेत आणि ‘थांबा’ची पाटी मोटारस्वाराला दिसेल इतक्या उंचीवर लागावी, अशा मागण्यांचा अर्ज करावा. त्या अर्जावर आम्ही पहिली सही करू.