गाडीचं बिलही वाचा ना!

परवा यवतमाळच्या एका गॅरेजात आमच्या पेट्रोल गाडीच्या सर्व्हिसिंगच्या यादीत ‘ईजीआर व्हॉल्व्ह सफाई’ दिसली. हे सही करणार, तेवढ्यात मी विचारलं, “हे कशासाठी?” सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडून नायट्रोजन ऑक्साइडचं प्रदूषण कमी करणारी ही झडप. डिझेलच्या काजळीनं ती तुंबते. पेट्रोलमध्ये काजळी कमी. कित्येक पेट्रोल गाड्यांत तर अशी वेगळी झडप नसतेच! उभी गाडी थरथरली, चालताना धक्के देऊ लागली, इंजिनचा दिवा लागला, तर तपासून घ्यावी जरूर. एरवी उगाच कशाला? मैत्रिणींनो, किराण्याची यादी आपण ओळ न् ओळ तपासतो, आणि हजारोंच्या बिलापुढे गप्प? मी गाडीतली कंपनीची पुस्तिका काढली. त्यात ही सफाई नव्हतीच. “राहू द्या मग ताई,” म्हणत मिस्त्रीनं ती ओळ खोडली.