शिकवणे हाही उपचारच

पायोरियाचा रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. हिरड्यांतून येणारे रक्त त्याने वर्षानुवर्षे अंगावर काढलेले असते. दात हलू लागला, घास चावता येईना, की मग तो दवाखाना गाठतो. आपण पॉकेट मोजतो, एक्स-रे काढतो, स्केलिंग आणि रूट प्लेनिंगच्या तारखा देतो. रुग्ण खुर्चीवरून उठता उठता आपण सांगतो, "दोन वेळा नीट ब्रश करत जा." ज्यावर सगळ्या उपचाराचे यश अवलंबून आहे, ते काम आपण एका वाक्यात उरकलेले असते. ही सवय बदलायला हवी.

पुरावा जुना आहे आणि भक्कमही. 1965 मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हुस येथे लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दातांची सफाई थांबवायला सांगितली. 10 ते 21 दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. 1977 मध्ये नीमन, लिंडे आणि रॉसलिंग यांनी दाखवून दिले की प्लाक आटोक्यात नसेल तर हिरड्यांची शस्त्रक्रिया कोणत्याही पद्धतीने केली तरी दातांचा आधार सुटतच जातो. खोल पॉकेट स्वच्छ केल्यानंतर घरची सफाई ढिली राहिली, तर 4 ते 8 आठवड्यांत तेथील जीवाणू पुन्हा पूर्वीइतके होतात, हे 1984 मध्ये मॅग्नुसन यांच्या अभ्यासातून पुढे आले. याची दुसरी बाजू स्वीडनमधील कार्लस्टाडची. ॲक्सेलसन आणि लिंडे यांनी 1972 मध्ये तेथे सुरू केलेल्या कार्यक्रमात घरच्या सफाईचे काटेकोर शिक्षण आणि नियमित तपासणी यांची जोड होती. 30 वर्षांत तेथील रुग्णांनी सरासरी दोन दातही गमावले नाहीत. म्हणूनच युरोपीय पेरिओडॉन्टॉलॉजी महासंघाच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत घरची सफाई आणि जोखमीच्या सवयींवर नियंत्रण ही उपचाराची पहिली पायरी आहे. हिरडीखालची सफाई त्यानंतर येते.

मग रुग्ण ऐकत का नाही? याचे उत्तर बऱ्याचदा आपण न विचारलेल्या प्रश्नांत असते. "सकाळी उठल्यावर दातांना काय लावता?" असे विचारून पाहा. कोणी राखुंडी सांगेल, कोणी बोटाने मंजन, आणि गावाकडच्या कितीतरी बायका संकोचत मिश्री सांगतील. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तिचे व्यसन लागते, त्यामुळे "मिश्री सोडा" एवढे म्हणून ती सुटत नाही. तिच्यासाठी वेगळे बोलणे आणि वेगळी मदत लागते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, म्हणून तो स्वतःला निरोगी समजतो. त्याला पॉकेटची खोली आणि एक्स-रे दाखवूनच आजार पटवावा लागतो.

दुसरी अडचण भीतीची. रक्त आले की रुग्ण त्या जागी ब्रश लावणेच थांबवतो. प्लाक साचतो, सूज वाढते आणि रक्त आणखी येते. "रक्त येते तिथेच अधिक काळजीने, हलक्या हाताने सफाई करायची आहे, पहिले काही दिवस रक्त येईल, मग कमी होत जाईल," हे आधीच सांगितले तर तो घाबरून थांबत नाही. "दात साफ केले की हलतात आणि फटी पडतात" हा समजही घरोघरी आहे. सूज उतरल्यावर हिरडी आकसते, दाताची मुळे उघडी पडतात आणि काही काळ ठणकतात. हे उपचाराआधी सांगितले तर रुग्ण त्याला आजाराचा परिणाम समजतो. नंतर सांगितले तर तीच गोष्ट डॉक्टरची सबब वाटते.

माहितीबरोबर हाताला सरावही हवा. तो खुर्चीवरच द्यावा. रुग्णाच्या हातात आरसा द्या, प्लाक रंगवून दाखवा आणि त्याच्याच ब्रशने त्याला घासायला लावा. ब्रशचे केस हिरडीच्या कडेशी 45 अंशांत टेकवणे बोलून कळत नाही, हात धरून दाखवल्यावर कळते. जिथे फट आहे तिथे फ्लॉसपेक्षा इंटरडेंटल ब्रश अधिक उपयोगी ठरतो, पण प्रत्येक फटीचे माप आपण घ्यायचे आणि ब्रश रुग्णाने आपल्यासमोर घालून दाखवायचा. पहिल्या भेटीत सगळे तोंड शिकवण्याचा हट्ट नको. सर्वांत जास्त सुजलेला एक भाग निवडा.

सवय जडवण्याच्या उपायांचा आढावा न्यूटन आणि असिमाकोपूलू यांनी 2015 मध्ये घेतला. त्यात तीन गोष्टींचा उपयोग दिसला: ठरावीक उद्दिष्ट, ते कधी आणि कसे पाळायचे याची आखणी, आणि स्वतःच स्वतःवर ठेवलेली नजर. आपल्या भाषेत सांगायचे तर, "रोज रात्री जेवण झाल्यावर, झोपण्याआधी, खालच्या डाव्या दाढांमध्ये छोटा ब्रश घालायचा आणि रक्त आले का ते आरशात पाहायचे." पुढच्या भेटीला मागचा आणि आजचा रक्तस्रावाचा तक्ता शेजारी ठेवून दाखवा. मधुमेही रुग्णाला "तीन महिन्यांची शुगर" चांगली ठाऊक असते. हिरड्यांच्या उपचाराने ती तीन-चार महिन्यांत सरासरी 0.4 टक्के अंकांनी उतरते, हे कळले की ब्रशची गोष्ट त्याच्या रोजच्या काळजीशी जोडली जाते. सुधारणा दिसली नाही तर मात्र रागावू नये. बोलणी खाल्लेला रुग्ण रिकॉलची तारीख चुकवतो आणि मग आपल्या हाती काहीच उरत नाही.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि लहान दवाखान्यात वेळ म्हणजे पैसा हे खरेच आहे. म्हणून शिकवण्याची भेट उपचाराच्या आराखड्यात लिहा, तिचे शुल्क मोकळेपणाने सांगा, सहायकालाही हे काम शिकवा. 1948 च्या दंतवैद्य कायद्याने हायजिनिस्टला मान्यता दिली. शक्य तिथे त्यांची नेमणूक करा. फुकटात, घाईत दिलेला सल्ला रुग्णही फुकटाचाच समजतो.

सहकाऱ्यांना आग्रहाची विनंती आहे: पायोरियाच्या पुढच्या रुग्णाची पहिली भेट स्केलरने नव्हे, आरशाने सुरू करा. रक्तस्रावाचा तक्ता भरा, एक उद्दिष्ट ठरवा आणि तीन महिन्यांनी तोच तक्ता पुन्हा भरा. त्यात सुधारणा दिसल्यावरच हिरड्यांवरची शस्त्रक्रिया सुचवा.