चेंडू पायाला चिकटत नाही

भाऊबीजेला ताईकडे बडोद्याला गेलो. दार भाच्याने उघडलं, "ये मामा" म्हणाला आणि लगेच आपल्या खोलीत निघून गेला. एरवी हा मुलगा माझ्या बॅगेत हात घातल्याशिवाय मला चपलाही काढू देत नाही. स्वयंपाकघरात ताई चकल्यांचा डबा भरत होती, तिचाही चेहरा उतरलेला. भावोजी पेपर वाचत होते. म्हणजे पेपर समोर धरून बसले होते.

ओवाळून झालं, मी ताटात ओवाळणी टाकली आणि मग ताईने हळू आवाजात सांगितलं. चिरंजीवांनी तिच्या मोबाइलवरून, तिच्या कार्डावर, महिन्याभरात तीन हजार चारशे रुपये उडवले होते. कशावर? तर फुटबॉलच्या गेममधल्या खेळाडूंवर!

"अरे, कोण खेळाडू मिळणार हेसुद्धा माहीत नसतं म्हणे," ताई म्हणाली. "बंद पाकीट घ्यायचं, उघडायचं आणि नशिबात असेल तो निघायचा. लॉटरीच्या दुकानावरून जाताना बाबा आपला हात कसा घट्ट धरायचे, आठवतं? आता दुकानच घरात आलंय."

ओटीपी त्याच फोनवर येतो, त्यामुळे अडसर असा काही नव्हताच. भावोजींनी पैसे परत मिळावेत म्हणून अर्ज केला होता, त्याचा उपयोग झाला नाही. कार्ड फोनमधून काढून टाकलं, मोबाइल बंद झाला आणि घरात चार दिवस अबोला होता.

ताईचं लॉटरीचं म्हणणं काही बाईमाणसाची भाबडी भीती नव्हे बरं का. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ साली हेच म्हटलं होतं. पैसे भरून उघडायची अशी बंद पाकिटं तिथल्या जुगाराच्या कायद्याचा भंग करतात, असा निर्वाळा त्यांनी काही गेम तपासून दिला होता. आपल्याकडे मात्र हा प्रश्न अजून बहुतेक घरी आईच्या बँकेच्या मेसेजवरूनच कळतो.

मी भाच्याच्या खोलीत गेलो. उपदेश करायला नव्हे, तो त्याला भरपूर मिळाला होता. माझ्या बॅगेत लॅपटॉप होता आणि दोन जॉयस्टिक होत्या, जुन्या पद्धतीच्या, एक दांडा आणि एक बटण. दिवाळीत त्याच्याबरोबर खेळावं म्हणून मी माझ्या तरुणपणीचा एक गेम मुद्दाम घेऊन आलो होतो. त्याचं नाव 'किक ऑफ टू'.

या गेमची हकिगत सांगण्यासारखी आहे. पहिला 'किक ऑफ' आला १९८९ साली. डिनो डिनी नावाच्या एका ब्रिटिश तरुणाने तो लिहिला आणि अँको नावाच्या कंपनीने तो बाजारात आणला. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, म्हणजे इटलीत विश्वचषक झाला त्या वर्षी, दुसरा भाग आला. आज फुटबॉलचा एक मोठा गेम करायला शेकडो माणसं राबतात. त्या काळी एक माणूस टेबलापाशी बसून असा गेम लिहू शकत होता. तो चालायचा अमिगा आणि अटारी एसटी या घरगुती संगणकांवर. अमिगा ५०० ला मूळची स्मरणशक्ती ५१२ किलोबाइट आणि फ्लॉपीत मावायचं ८८० किलोबाइट. ताईच्या मोबाइलमधला ओवाळतानाचा एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असेल! आपल्याकडे हे संगणक फारसे आले नाहीत. आपली मुलं तेव्हा टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर पिवळ्या कॅसेटीतला मारिओ आणि कॉन्ट्रा खेळत होती. मला 'किक ऑफ टू' भेटला तो ऑफिसातल्या एकुलत्या एका संगणकावर, संध्याकाळी साहेब गेल्यानंतर. फ्लॉपी कुठून आली, हे तेव्हा कुणी विचारत नसे.

दिसायला अगदी साधा गेम आहे हा. हिरवं मैदान वरून दिसतं, पक्ष्याला दिसावं तसं. मैदानाचा एक तुकडाच पडद्यावर मावतो, बाकीचे खेळाडू कुठे आहेत ते कोपऱ्यातल्या छोट्या नकाशातल्या ठिपक्यांवरून ओळखायचं. चेंडूच्या जवळ असेल तो खेळाडू तुमच्या ताब्यात. दांड्याने आठ दिशा आणि एक बटण. बस्स.

भाचा आधी हसला. "मामा, हे काय? यांना तोंडसुद्धा नाहीत!"

"तोंडाचं काय काम? पाय आहेत ना," मी म्हटलं.

पहिली मॅच संपली तेव्हा माझे नऊ गोल झाले होते, त्याचा शून्य. आणि हा मुलगा सोसायटीच्या मैदानावर रोज फुटबॉल खेळणारा, मोबाइलच्या गेममध्ये तर मला उभं न करणारा! त्याने दांडा खाली ठेवला आणि रागाने म्हणाला, "हा गेम बिघडलाय. चेंडू पायात राहतच नाही."

"बिघडला नाही रे. तसाच आहे तो," मी म्हटलं.

वाचकहो, सगळी गंमत इथेच आहे. त्याआधीच्या बहुतेक फुटबॉल गेममध्ये चेंडू खेळाडूच्या पायाला डिंकाने चिकटवल्यासारखा असे. खेळाडू वळला की चेंडू वळला. डिनीने चेंडूला सुटा ठेवला. खेळाडू धावत येऊन आदळला की चेंडू पुढे जातो, आपल्या वेगाने, आपल्या दिशेने. तुम्ही वळायला उशीर केलात की तो गेला सरळ आणि तुम्ही राहिलात धावत. थांबवायचा असेल तर चेंडू येण्याआधीच बटण दाबून धरायचं, म्हणजे तो पायाखाली अडतो. मग दिशा द्यायची आणि बटण सोडायचं. हे सगळं कधी, तर समोरून दोन गडी अंगावर येत असताना, आणि गेमचा वेग असा की बघणाऱ्याला वाटावं कॅसेट फास्ट फॉरवर्ड केली आहे. दुसऱ्या भागात आणखी एक खुबी आली. चेंडू पायातून सुटल्यावर लगेच दांडा कलवला की तो हवेत वळतो. ती जमायला मला १९९३ चा अख्खा पावसाळा लागला होता. (ऑफिसचं काम त्या पावसाळ्यात किती झालं ते विचारू नये.)

म्हणजे गेम अवघड आहे, पण लबाड नाही. चेंडू गेला तर तो तुमच्याच चुकीने गेला आणि कुठे चुकलं ते दिसतं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण जुनं ते सगळं सोनं असं मुळीच नाही. नाणं टाकून खेळायची जी मशिनं असत, ती अवघड असत त्याचं एक कारण गल्ला हेच होतं. १९८५ साली 'टेहकान वर्ल्ड कप' नावाचं जपानी फुटबॉलचं मशिन आलं. त्यात दांड्याऐवजी टेबलात बसवलेला गोळा तळहाताने गरागरा फिरवावा लागे. गेम छान होता, पण हरलात की पुन्हा नाणं काढा. तेव्हा हरण्याचे पैसे आजच लागतात असं नाही. घरी संगणकावरचा गेम एकदा विकत आणला की मात्र हरणं फुकट होतं. नऊ गोलांनी हरा, नाहीतर नव्वद. कुणी तुमच्यापुढे पाकीट धरत नाही.

'किक ऑफ'ला लवकरच एक सख्खा चुलत भाऊ मिळाला. सेन्सिबल सॉफ्टवेअर या इंग्लंडमधल्या छोट्या कंपनीत जॉन हेअर आणि ख्रिस येट्स हे दोघे शाळकरी वयापासूनचे मित्र काम करत. तेही 'किक ऑफ'चे भक्त, पण त्यांना तो थोडा वेगळा हवा होता. १९९२ साली त्यांनी 'सेन्सिबल सॉकर' काढला. खेळाडू मुंगीएवढे, मैदान जास्त दिसणारं, चेंडू जरा समजूतदार. सरळ धावलात तर सोबत राहतो, झटक्यात वळलात तर सोडून जातो. १९९४ मध्ये त्याचं थोरलं भावंड 'सेन्सिबल वर्ल्ड ऑफ सॉकर' आलं. जगभरचे क्लब, त्यांचे हजारो खेळाडू, वर संघ चालवायची जबाबदारीही तुमचीच. २००७ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या हेन्री लोवूड यांनी काही जाणकारांना बरोबर घेऊन जपून ठेवण्याजोग्या दहा व्हिडिओ गेमची यादी केली. तिच्यात टेट्रिस होता, मारिओ होता, आणि मैदानी खेळांपैकी एकटा हा होता. दोघांपैकी श्रेष्ठ कोण यावर पन्नाशीतले गृहस्थ अजून हमरीतुमरीवर येतात. 'किक ऑफ टू'च्या चाहत्यांनी तर २००१ पासून स्वतःचा विश्वचषक भरवायला सुरुवात केली. युरोपातल्या वेगवेगळ्या गावी जुने अमिगा टेबलांवर मांडून टक्कल पडलेली माणसं ईर्षेने खेळतात.

माझं मत विचाराल तर शिकायला 'सेन्सिबल', पण मुरायला 'किक ऑफ'. मात्र अवघडपणाचं कौतुक कुठे थांबवायचं हेही कळायला हवं. खुद्द डिनीने २०१६ साली 'किक ऑफ रिव्हायव्हल' नावाने नव्या यंत्रांसाठी तोच बाज पुन्हा आणला. समीक्षकांनी त्याला झोडपलं. गेम कठीण होता याहीपेक्षा तो कसा खेळायचा हे नवख्याला धड कळत नव्हतं. जुन्या काळी शेजारी एक मित्र बसलेला असे. तो हरवायचा आणि शिकवायचाही. तो मित्र नसेल तर नुसता अवघड गेम म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

म्हणून दुसऱ्या मॅचला मी भाच्याच्या शेजारी सरकून बसलो. गोल करायचं सोड म्हटलं, आधी चेंडू अडव. फक्त अडव. सराव करायची सोय गेममध्ये आहे, तिथे अर्धा तास आम्ही तेवढंच केलं. धावायचं, आधी बटण, चेंडू पायाखाली, सोडला. दहातला एक अडायचा, मग तीन. जेवायला बोलावलं तरी हा उठेना. ताई दारात येऊन बघून गेली, काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ७-०. मग ६-०. मग पुन्हा ८-०, कारण गडी आत्मविश्वासाने वळायला गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी, दात घासायच्या आधी, त्याचा पहिला गोल झाला. खरं सांगायचं तर माझ्या गोलकीपरच्या गुडघ्यावरून उडालेला, पण गोल तो गोल! खाली वॉचमनला ऐकू जाईल एवढा तो ओरडला. मग एकदम गप्प झाला आणि पडद्याकडेच बघत म्हणाला, "मामा, तिकडे ना, हरलो की मी पाकीट उघडायचो."

मी दांडा सोडला नाही. "म्हणजे?"

"म्हणजे, समोरच्याचे प्लेअर भारी असले की असं वाटायचं, आपल्याकडे तसा एक असता तर जिंकलो असतो. मग एक उघडायचो. त्यात कुणीतरी भंगार निघायचा. मग अजून एक." थोडा वेळ थांबून म्हणाला, "पहिल्यांदा दोनशेच घेणार होतो. आईला सांगणारही होतो."

"मग का नाही सांगितलंस?"

"आधी वाटलं, एक चांगला निघाला की थांबू. मग खूप झाले होते."

यावर काय बोलायचं? मी म्हटलं, "हे आईला सांग. जसं मला सांगितलंस तसंच." तो म्हणाला, "तू चल." मी म्हटलं, "मी नाही येणार, मी इथे मॅच थांबवून ठेवतो."

गेला. स्वयंपाकघरातून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग भांड्याचा आवाज आला, मग ताईचा रडवेला आवाज, मग दोघांचाही. भावोजी पेपर घेऊन गॅलरीत गेले. वीस मिनिटांनी भाचा परत आला. डोळे लाल होते, हातात दोन बेसनाचे लाडू होते. त्यातला एक मला दिला आणि दांडा उचलला. पॉकेटमनीतून महिना तीनशे कापायचे ठरले होते, असं त्याने मॅच चालू असतानाच सांगितलं. मी हिशेब केला. पुढच्या दिवाळीच्या आत फिटतील.

मी निघायच्या आदल्या रात्री ताई पदराला हात पुसत आली आणि पलंगावर टेकली. "काय रे ते? मला दाखव बघू." भाच्याने तिला दांडा दिला, बटण दाखवलं, माझ्याच थाटात सांगितलं, "आई, गोल सोड, आधी अडव." ताईने काही अडवलं नाही. शिट्टी वाजल्याबरोबर तिने दांडा पुढे रेटला आणि बटण दाबलं. चेंडू कसा कोण जाणे भाच्याच्या तिन्ही बचावपटूंच्या मधून निघाला आणि जाळ्यात गेला.

"आई! हे चीटिंग आहे!"

"चीटिंग कसलं? चेंडू सुटा आहे ना तुमच्यात?" ताई म्हणाली आणि पुढच्या मॅचसाठी मांडी ठोकून बसली.

ती मॅच ती ११-० हरली. लॅपटॉप मी परत आणला, पण जॉयस्टिक दोन्ही तिकडेच राहिल्या आहेत. परवा भाच्याचा फोन आला होता. बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर गेम चढवून दिलास तर बरं होईल म्हणाला, आणि चेंडू हवेत कसा वळवायचा तेही एकदा नीट सांग, पण आईसमोर नको.