छांगआनला जावे साध्या गाडीने

प्राचीन शहर पाहायला निघालेल्या माणसाने त्या शहरात एकदम उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विमाने आणि जलद गाड्या असताना पाठीवर सॅक टाकून पाच-सहा तास बाकावर बसण्यात कसला आला आहे पुरुषार्थ, असे घरच्यांनीही विचारले होते. पुरुषार्थ काहीच नाही. पण चीनमधल्या शियान शहरापुरते तरी साध्या गाडीने जाणेच शहाणपणाचे, हे 2018 च्या ऑक्टोबरात मी अनुभवले आहे, आणि त्याची कारणे सांगण्यासारखी आहेत.

शियान म्हणजे पूर्वीचे छांगआन, थांग राजवटीची राजधानी. सुमारे 84 चौरस किलोमीटरांवर पसरलेले हे नगर त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या नगरांपैकी एक होते. रेशमाचा व्यापारी मार्ग इथूनच पश्चिमेला निघे. परंतु मित्रहो, ते छांगआन आज जागेवर नाही. 904 साली चू वन नावाच्या सेनापतीने राजधानी लोयांगला हलवली, तेव्हा वाडे आणि घरे पाडून त्यांचे लाकूड वेई नदीच्या प्रवाहात सोडून दिले. आज पाहुण्यांना जो कोट दाखवतात तो मिंग काळातला, 1370 च्या सुमारास बांधायला घेतलेला. घेर जवळजवळ 14 किलोमीटर, उंची 12 मीटर, आणि वरची वाट इतकी रुंद की दोन-तीन बैलगाड्या शेजारी शेजारी चालाव्यात. कोट भव्य आहे यात शंका नाही. पण त्याच्या आतला भाग मूळ छांगआनच्या सातव्या हिश्शाच्या आसपास भरेल. आणि ते प्रसिद्ध मातीचे सैनिक? ते छिन सम्राटाचे, म्हणजे थांग काळाच्याही आठशे वर्षे आधीचे. 1974 साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडले, तेही शहराबाहेर, लिनथोंगजवळ. विमानाने येणारा प्रवासी दीड दिवसात हे सारे पाहतो, तिन्ही काळांची खिचडी करून घेतो, आणि 'प्राचीन शहर पाहिले' म्हणून परततो.

मग खरोखर जुने असे उरले काय? माझ्या मते दोन गोष्टी: माती आणि वाट. या दोन्ही दिसतात त्या गाडीच्या खिडकीतून.

मी लोयांगहून निघालो. लोयांग ते शियान हे अंतर पावणेचारशे किलोमीटरांच्या वर आहे. 2010 साली सुरू झालेल्या जलद मार्गाने ते दोन तासांच्या आत कापता येते. मी जुन्या लुंगहाय मार्गावरची, क्रमांकाआधी 'के' अक्षर असलेली साधी गाडी घेतली. सगळ्यात स्वस्त वर्गाला तिथे 'कठीण आसन' असे प्रामाणिक नाव आहे. समोरासमोर बाक, मध्ये छोटे टेबल, वाटेत उभ्याने प्रवास करणारी माणसे, ढकलगाडीवरून खाऊ विकत जाणारे कर्मचारी. आपल्या जनरल डब्यात वाढलेल्या माणसाला यात परके काही वाटत नाही. प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो, ही मात्र आपल्या रेल्वेने उचलण्याजोगी गोष्ट आहे.

लोयांग सोडल्यावर पिवळ्या मातीचा मुलूख लागतो. वाऱ्याने हजारो वर्षे आणून टाकलेली ही माती कापली तर भिंतीसारखी उभी राहते. कड्यांच्या पोटात घरे कोरलेली दिसतात. काहींच्या दारावर मक्याची कणसे वाळत टाकलेली होती. ही माती ठोकून ठोकूनच इथल्या नगरांचे कोट उभे राहिले. मिंग कोटाच्या बाहेरच्या विटा काढल्या तर आत तीच निघेल. पुढे सानमनश्यापाशी पीत नदीचे खोरे, मग थुंगक्वानची खिंड, नंतर डाव्या हाताला हुआ पर्वताचे पांढुरके सुळके, आणि मग एकाएकी जमीन सपाट होऊन वेई नदीचे हिरवे खोरे उघडते. खिंडीमागच्या या खोऱ्यात राजधानी का वसवली, हे पुस्तकात चार वेळा वाचूनही मला उमगले नव्हते. जलद गाडी हा पट इतक्या झपाट्याने मागे टाकते की नजर कुठे ठरत नाही.

समोरच्या बाकावर एक आजोबा होते. त्यांनी डाळिंब फोडून अर्धे माझ्या हातावर ठेवले. लिनथोंगची डाळिंबे नावाजलेली आहेत, हे मला त्यांच्याकडूनच कळले. मी भारतातला, असे फोनमधल्या भाषांतराच्या सोयीने सांगितले, तेव्हा ते हसून 'शी-थ्यन' म्हणाले आणि दोन बोटे टेबलावर चालवून दाखवू लागले. शी-थ्यन म्हणजे पश्चिमेचा स्वर्ग. जुन्या कथांत भारताला हेच नाव आहे. चालणारी बोटे कोणाची, हे कळायला क्षणभरही लागला नाही. ह्युएनत्संग!

हा भिक्षू जन्मला लोयांगजवळ, शिकायला छांगआनला आला, आणि 629 च्या सुमारास, देशाबाहेर जाण्याची बंदी मोडून, पश्चिमेला चालू लागला. 645 साली परतला तो वीस घोड्यांवर 657 ग्रंथ लादून. ते ठेवण्यासाठी 652 साली बांधलेला मनोरा शियानमध्ये आजही आहे: सात मजल्यांचा, 64 मीटर उंच, किंचित कललेला. आजच्या कोटापासून तो दक्षिणेला तीन-चार किलोमीटरांवर आहे. थांग काळात मात्र तो शहराच्या आतच होता. छांगआन केवढे होते हे आकड्यांवरून पटत नसेल, त्याने दक्षिण वेशीपासून त्या मनोऱ्यापर्यंत पायी चालत जावे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, हाच ह्युएनत्संग 641 च्या सुमारास आपल्या मुलखात येऊन गेला. इथल्या लोकांचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे: उपकार न विसरणारे, अपमान सहन न करणारे, आणि सूड घेण्यापूर्वी शत्रूला आगाऊ सूचना देणारे. त्याने देशाचे नाव महाराष्ट्र लिहिले, राजा सांगितला तो दुसरा पुलकेशी. बदामीचा चालुक्य! त्याने पाहिलेली राजधानी नाशिक की बदामी, यावर विद्वान अजून भांडतात. दोन भाषांच्या विभागांचा अंक काढणाऱ्या आपल्या महाविद्यालयात या पाहुण्याचे प्रवासवर्णन दोन्ही विभागांनी आपले म्हणावे, असे मला वाटते. त्याच्या भेटीनंतर वर्षभरातच, 642 मध्ये, पल्लवांनी बदामी घेतली. थोडे उशिरा पोचता तर त्याच्या पानावर पुलकेशीचे राज्य निराळेच उमटते.

आता आक्षेपांकडे वळू. शाकाहारी माणसाचे हाल होतात, हे खरे. मी चिवडा आणि गरम पाण्यातल्या शेवयांवर दिवस काढला. डब्याच्या टोकाला धूम्रपानाचा धूर असतो. भाषा येत नाही. हे सगळे सोसण्याजोगे आहे. मोठा आक्षेप निराळाच असतो: 1962 झाले, 2020 मध्ये गलवान झाले, त्या देशात हौसेने कशाला जायचे? या रागाला कारण आहे आणि तो मलाही येतो. पण शेजारी नकोसा झाला म्हणून त्याच्याविषयी अडाणी राहणे, हा कोणता सूड? थेट विमाने 2020 पासून बंद होती, ती 2025 च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. तेव्हा जाऊ इच्छिणाऱ्याला आता सबब उरलेली नाही.

जाणाऱ्याने हवे तर चंगचौपर्यंत विमानाने जावे, पण तिथून पुढे 'के' गाडीच घ्यावी. त्यात आणखी एक फायदा आहे. जलद गाडी प्रवाशाला शहराच्या उत्तरेला, दूरच्या नव्या स्थानकावर सोडते. साधी गाडी जुन्या स्थानकात जाते, आणि बाहेर पाऊल टाकले की समोर कोटच उभा असतो. आसन दिवसाच्या गाडीचे मागावे, आणि खिडकी डाव्या बाजूची, म्हणजे हुआ पर्वत चुकणार नाही.